बायपासनंतरचा ‘ब्लॉक’: छातीच्या दुखण्यावरच्या इंजेक्शनाबद्दल नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी मिरजेत भूलतज्ज्ञ आहे. आमच्याकडे हृदयाच्या ऑपरेशनला जत-आटपाडीकडून, विटा-कडेगावकडून आणि सीमेपलीकडच्या अथणी-रायबागहूनही माणसं येतात. १८९४ साली वानलेस साहेबांनी इथे मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून ‘मिरजेला दाखवून या’ हे या भागातलं ठरलेलं वाक्य आहे. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी कॉटपाशी जाते, तोवर हृदयाचे प्रश्न सर्जनना विचारून झालेले असतात. माझ्या वाट्याला येतात ते दुखण्याचे प्रश्न. तेच पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे. तुमच्या पेशंटसाठी काय योग्य ते त्याचे कागद पाहून त्याचे डॉक्टरच ठरवतील. हे वाचलंत तर त्यांच्याशी बोलणं सोपं जाईल, एवढंच.

आधीच तीन ब्लॉक निघालेत म्हणून बायपास करतोय. आता तुम्ही आणखी ब्लॉक देणार म्हणता?

हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा मला हसू आलं होतं. आता मीच सुरुवातीला खुलासा करते. डॉक्टर मंडळींनी एकाच शब्दाला तीन कामांना जुंपलंय, त्यात तुमची काय चूक?

अँजिओग्राफीत दिसतो तो रक्तवाहिनीतला अडथळा. हृदयाच्या विजेच्या वाटेत खोळंबा झाला तर त्याला ‘हार्ट ब्लॉक’ म्हणतात, त्याला कधी पेसमेकर लागतो. मी देते तो तिसरा ब्लॉक: छातीच्या भिंतीतून दुखण्याची बातमी मेंदूकडे नेणारे मज्जातंतू काही तास बधिर करणारं इंजेक्शन. दात काढताना हिरडीत सुई देतात ना, त्याच जातीचं, फक्त जागा वेगळी. ‘नस बधिर करते’ असंही सांगून पाहिलं; त्यावर एका आजोबांनी घाबरून ‘या वयात नसबंदी कशाला?’ असं विचारलं. तेव्हापासून दाताचं उदाहरण देते.

ऑपरेशन बेशुद्ध करूनच होणार ना? मग हे वेगळं कशाला?

पूर्ण भूल ऑपरेशनपुरती. दुखणं सुरू होतं ते भूल उतरल्यावर.

बायपासमध्ये किंवा झडप बदलताना बहुतेक वेळा छातीचं मधलं हाड उभं कापावं लागतं. मग ते दोन्ही बाजूंना फाकवून तासन्‌तास तसंच धरतात. त्यात बरगड्या मागे पाठीपर्यंत ताणल्या जातात. काम झालं की हाड स्टीलच्या तारांनी परत आवळून बांधतात, साधारण सहा ते आठ तारा, त्या आयुष्यभर आत राहतात. शिवाय रक्त-पाणी बाहेर यायला छातीत नळ्या असतात आणि पायाची शीर काढली असेल तर तिथली जखम वेगळी. सगळ्यात जास्त दुखतं ते पहिले दोन दिवस. मग दुखणं उतरणीला लागतं. हाड नीट जुळायला मात्र दोन-तीन महिने जातात.

आमचे वडील शेतकरी आहेत. थोडं दुखलं तर सोसतील. गरज आहे का?

सोसतील, यात मला शंका नाही. उसाच्या फडात उभं आयुष्य काढलेली माणसं तारांनी बांधलेली छाती घेऊन ‘काय नाय, बरंय’ म्हणतात, हे मी रोज ऐकते. माझी अडचण तिथूनच सुरू होते.

दुखणं सोसायचं असेल तर माणूस काय करतो? हलत नाही. श्वास वरवर घेतो. खोकला आला तर ओठ आवळून दाबतो. मग फुफ्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, मिटून बसतो. आत कफ साचतो, ऑक्सिजन कमी पडतो, तापाची कणकण येते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी न्यूमोनिया होऊ शकतो. नवीन रक्तवाहिनी झकास चालू, आणि पेशंट अडकलाय कफात. विडी ओढणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा.

दुसरं म्हणजे दुखण्यानं नाडी आणि रक्तदाब वाढतो. नुकत्याच दुरुस्त केलेल्या हृदयाला या दिवसांत नेमकं तेच नको असतं. झोप लागत नाही. वयस्क माणसं रात्री भ्रमात जातात, नळ्या उपटायला बघतात. त्याला इतरही कारणं असतात, पण न शमलेलं दुखणं त्यातलं एक.

म्हणून ‘किती दुखतंय, शून्य ते दहात सांगा’ हे आम्ही विचारतो, पण मी त्या आकड्यावर थांबत नाही. आकडा विचारला की आमच्याकडचे पुरुष दोन सांगतात आणि बायका ‘तुम्हीच बघा’ म्हणतात. मी सांगते, ‘काका, एकदा जोरात खोकून दाखवा.’ खोकला खणखणीत आला तर दुखणं ताब्यात आहे. चेहरा आक्रसला, नुसतं ‘खुस्स’ झालं, तर दोनचा आकडा खोटा. माझ्या दृष्टीनं ब्लॉक द्यायचा तो या खोकल्यासाठी.

हे इंजेक्शन नेमकं कुठे देतात? मणक्यात?

नाही. मणक्याच्या आत सुई जात नाही. मात्र ब्लॉक एका जातीचा नसतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेनं एक मज्जातंतू पाठीकडून पुढे छातीपर्यंत येतो. मधल्या हाडाची आणि त्यावरच्या कातडीची संवेदना प्रामुख्यानं दुसऱ्या ते सहाव्या बरगडीच्या मज्जातंतूंच्या टोकांकडे असते. या तंतूंना वाटेत कुठेतरी गाठायचं. पुढे गाठलं तर छातीतला ब्लॉक, मागे गाठलं तर पाठीतला.

पूर्वीचा विचार असा होता की सुईचं टोक थेट मज्जातंतूजवळ न्यायचं. गेल्या पंधरा वर्षांत एक वेगळी युक्ती रुळली. स्नायूंचे थर एकावर एक असतात आणि दोन थरांच्या मध्ये पातळ पडदा असतो. त्या फटीत औषध सोडलं की ते पसरत जातं आणि वाटेतल्या मज्जातंतूंना भिजवतं. शेतकऱ्याला हे समजवावं लागत नाही: दाऱ्यावर पाणी सोडलं की ते सरीनं आपसूक पुढे जातं, रोपाला तांब्यानं घालत बसावं लागत नाही. फक्त दारं बरोबर सरीचं उघडलं पाहिजे. ते काम सोनोग्राफी करते. पडद्यावर सुई दिसते, थर दिसतात, आणि औषध बरोबर फटीत गेलं की दोन थर अलगद विलग होताना दिसतात. माझ्या कामातलं मला सर्वात आवडणारं दृश्य ते.

छातीतल्या ब्लॉकमध्ये मधल्या हाडाच्या कडेपासून दोनेक सेंटिमीटरवर, दोन्ही बाजूंना, छातीचा मोठा स्नायू आणि बरगड्यांमधले स्नायू यांच्या फटीत औषध देतात. हा वरच्या थरातला. त्याहून आत, बरगड्यांच्या मागच्या पातळ स्नायूपाशी देतात तो खोल थरातला. या ब्लॉकना इतकी वेगवेगळी नावं पडली होती की आमचाच गोंधळ व्हायचा. २०२१ साली अमेरिका आणि युरोपातल्या तज्ज्ञ संघटनांनी एकत्र बसून नावं ठरवली.

पाठीतल्या ब्लॉकमध्ये सर्वात चर्चेतला म्हणजे इरेक्टर स्पायनी ब्लॉक. पाठ ताठ ठेवणारा लांब स्नायू मणक्याच्या दोन्ही बाजूंना असतो, त्याच्या खाली औषध सोडायचं. कॅनडात फोरेरो आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. द्यायला सोपा, म्हणून बघता बघता जगभर पोचला. मात्र पाठीत सोडलेलं औषध पुढे छातीच्या हाडापर्यंत दरवेळी सारखं पोचत नाही. म्हणून मधल्या हाडासाठी मी पुढचा ब्लॉक पसंत करते. माझ्या ओळखीचे काही उत्तम भूलतज्ज्ञ याच्या उलट सांगतील. दोघांचेही पेशंट बरे होतात.

सिझरच्या वेळी पाठीत सुई दिली, तेव्हापासून माझी पाठ दुखते. तसंच यांचं होईल का?

सिझरला देतात ती भूल मणक्याच्या आतल्या पाण्यात असते. हा ब्लॉक बाहेर, स्नायूच्या थरात. दोन-तीन दिवस सुईच्या जागी ठणकेल, त्यापलीकडे नाही. आणि सिझरनंतरच्या जुनाट पाठदुखीचा सगळा दोष त्या सुईच्या माथी मारू नका. बाळंतपण, मूल कडेवर घेणं, हंडे उचलणं यांचाही त्यात वाटा असतो.

मणक्यातून बारीक नळी टाकून दुखणं पूर्ण थांबवता येतं, असं ऐकलंय. ते का नाही?

त्याला एपिड्युरल म्हणतात आणि दुखण्यावर ते खरंच चांगलं काम करतं. अडचण रक्ताची. ऑपरेशनपुरतं हृदय आणि फुफ्फुसांचं काम करणाऱ्या हृदय-फुफ्फुस यंत्रावर घेण्याआधी पेशंटला रक्त गोठू न देणारं हेपॅरिन देतात, वजनाच्या दर किलोमागे साधारण ३०० ते ४०० युनिट. त्या वेळी रक्त जवळजवळ गोठतच नाही. मणक्याच्या आत सुईनं एखादी बारीक रक्तवाहिनी दुखावली गेली असेल तर तिथे रक्त साचून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो आणि पाय लुळे पडू शकतात. हे क्वचित घडतं, पण घडलं तर आयुष्य उलटंपालटं होतं. थरांमधल्या ब्लॉकमध्ये रक्त आलंच तर वरून दाबता येतं किंवा ते आपोआप जिरतं. हृदयाच्या ऑपरेशनात हे ब्लॉक लोकप्रिय झाले त्याचं मोठं कारण हेच.

सुई हृदयाला किंवा फुफ्फुसाला लागली तर?

शक्यता शून्य आहे असं मी सांगणार नाही. खोल थरातल्या ब्लॉकमध्ये सुईच्या टोकाखाली फुफ्फुसाचं आवरण असतं आणि शेजारून छातीची आतली रक्तवाहिनी जाते. डाव्या बाजूची हीच रक्तवाहिनी सर्जन बायपाससाठी वापरतात, सर्वात महत्त्वाच्या जोडणीसाठी. तिला धक्का लागलेला कुणालाच परवडणार नाही. ती काढून घेतल्यावर तिथले थरही विस्कटलेले असतात, त्यामुळे औषध हवं तसं पसरत नाही. म्हणून बायपासच्या पेशंटला मी वरच्या थरातलाच ब्लॉक देते. त्यात सुई बरगड्यांच्या बाहेर राहते. सोनोग्राफी मशीन उपलब्ध नसेल तर हा ब्लॉक अंदाजानं देऊ नये, हे माझं ठाम मत.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. चालेल?

वरच्या थरातल्या ब्लॉकला सहसा अडत नाही. पाठीतल्या आणि खोल ब्लॉकच्या वेळी जास्त विचार करावा लागतो. क्लोपिडोग्रेलसारखी गोळी ऑपरेशनआधी काही दिवस थांबवतात, पण केव्हा थांबवायची ते सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ सांगतील. ‘शेजाऱ्यांनी आठ दिवस बंद केली होती’ म्हणून तुम्ही बंद करू नका. विशेषतः स्टेंट असेल तर.

हे इंजेक्शन देतात कधी? जागेपणी सुया टोचणार का?

छातीतला ब्लॉक पूर्ण भूल दिल्यावरच देतो; चीर देण्याआधी किंवा छाती बंद झाल्यावर, आयसीयूत न्यायच्या आधी. पेशंटला सुई कळत नाही. पाठीतल्या ब्लॉकला बसवावं किंवा कुशीवर वळवावं लागतं, म्हणून तो ऑपरेशनच्या आधी उरकतात, कधी थोडं गुंगीचं औषध देऊन. दोन्ही बाजू धरून वेळ दहा-पंधरा मिनिटं.

औषध कुठलं? किती तास टिकतं?

बहुधा रोपिव्हाकेन, नाहीतर बुपिव्हाकेन किंवा लेव्होबुपिव्हाकेन. या औषधांचं मूळ घराणं कोकेनपर्यंत जातं: १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळा बधिर करायला ते वापरलं आणि एखादा भाग तेवढा बधिर करून ऑपरेशन करण्याची सुरुवात झाली. आताची औषधं कोकेन नव्हेत, त्यांची नशा येत नाही.

प्रमाण वजनावर ठरतं. रोपिव्हाकेन साधारण किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाही. ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम ही हद्द झाली, आणि दोन्ही बाजूंचं मिळून त्यातच बसवायचं. आपल्याकडच्या चाळीस-बेचाळीस किलोच्या आजींना त्याच मापानं देऊन चालत नाही. त्यांच्यासाठी औषध पातळ करून घ्यावं लागतं, म्हणजे पसरायला पुरेसं होतं आणि मात्राही आवाक्यात राहते.

एका वेळच्या इंजेक्शनाचा असर ढोबळमानानं आठ ते बारा तास. डेक्सामेथासोन किंवा डेक्समेडेटोमिडीन मिसळलं तर थोडा लांबतो. मधुमेह असेल तर डेक्सामेथासोननं साखर वर जाऊ शकते, तेव्हा तो विचार आधी करतो. दोन-तीन दिवस हवं असेल तर फटीत बारीक नळी ठेवून औषध चालू ठेवता येतं, पण जखमेशेजारी आणखी दोन नळ्या सांभाळणं, त्यांची स्वच्छता राखणं, हे सगळीकडे जमत नाही.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. दुपारी चारला दिलेला ब्लॉक मध्यरात्रीनंतर उतरतो. नेमकं तेव्हा वॉर्ड निजलेला, पेशंट एकटा, आणि दुखणं दबक्या पावलानं न येता एकदम येतं. त्याच्या आधीच पुढची औषधं सुरू असली पाहिजेत. म्हणून मी फाइलवर ब्लॉक दिल्याची वेळ ठळक लिहिते आणि रात्रपाळीच्या सिस्टरना तोंडी सांगते. तुम्हीही पेशंटला सांगून ठेवा: झोंबायला लागलं की लगेच सांगायचं, सहन होईनासं होईपर्यंत थांबायचं नाही.

म्हणजे ब्लॉक दिला की अजिबात दुखणार नाही?

असं कुणी सांगितलं असेल तर जरा जास्तच सांगितलं. मधल्या हाडाचं दुखणं बरंच कमी होईल. पायाच्या जखमेला या ब्लॉकचा उपयोग नाही. छातीच्या नळ्या बऱ्याचदा खाली, पोटाच्या वरच्या भागातून बाहेर काढलेल्या असतात. तिथले मज्जातंतू वेगळे, त्यामुळे नळी टोचत राहते. ती निघाली की माणूस निम्मा हलका होतो. बरगड्या ताणल्यामुळे खांद्याच्या फऱ्यात आणि मानेत दुखतं, तेही राहतं.

म्हणून ब्लॉकच्या जोडीला पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी द्यायचं, ५० किलोच्या वरच्या प्रौढाला सहसा एक ग्रॅम दर सहा तासांनी, दिवसात चार ग्रॅमच्या आत. यकृताचा त्रास असेल तर आणखी कमी. त्यावरही दुखलं तर फेंटानिल किंवा मॉर्फिन थोडं थोडं. ब्लॉकमुळे ही शेवटची औषधं कमी लागतात. ती कमी लागली की मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठ कमी, आणि श्वासासाठी तोंडातून घातलेली नळी लवकर काढता येते. सगळं सुरळीत असेल तर आजकाल ऑपरेशननंतर सहा तासांच्या आत नळी काढायचा प्रयत्न असतो.

मॉर्फिनची सवय लागत नाही ना?

खऱ्या दुखण्यासाठी, मोजून, आयसीयूत दोन-तीन दिवस दिल्यानं सवय लागण्याची भीती फार थोडी. उगाच घाबरून पेशंटला तळमळत ठेवू नका.

घरी गेल्यावर दुखलं तर मेडिकलमधून साधी गोळी आणू का?

हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा आनंद आहे, कारण बहुतेक जण न विचारता आणतात.

पॅरासिटामॉल चालेल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक या जातीच्या, सांधेदुखी-कंबरदुखीला सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळ्या बायपासच्या पेशंटनं स्वतःहून घेऊ नयेत. त्यांनी हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, किडनीवर ताण येतो, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. बायपासच्या वेळच्या दुखण्याला या गोळ्या वापरू नयेत असा चौकटीतला इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं त्यांच्या माहितीपत्रकावर छापायला लावलाय. आपल्याकडे मात्र काउंटरवर ‘अंगदुखीची द्या’ म्हटलं की पॅरासिटामॉलबरोबर यातली एखादी मिसळलेली गोळी हातात पडते. पाकिटाच्या मागचं नाव वाचा, नाहीतर फोटो काढून आम्हाला पाठवा.

डॉक्टरांनी लिहून दिलेली कमी मात्रेची ऍस्पिरिन यात धरू नका. ती नवीन रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून असते. ती चालूच ठेवायची.

ब्लॉकचे धोके काय?

सुईच्या जागी रक्त साकळणं, क्वचित जंतुसंसर्ग, फुफ्फुसाला इजा, आणि कधी कधी ब्लॉक न लागणं. शेवटचं सर्वात जास्त वेळा घडतं; हाताला कितीही सवय झाली तरी.

गंभीर म्हणावा असा धोका म्हणजे औषध रक्तात जास्त प्रमाणात जाणं. जागा माणूस ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुंई असं सांगतो. पुढे झटके आणि हृदयाचे ठोके बिघडणं. भुलेखालचा माणूस मुंग्या सांगू शकत नाही. म्हणून औषध एकदम ढकलत नाही. थोडं द्यायचं, पिस्टन मागे ओढून रक्त येतंय का बघायचं, मॉनिटरवर नजर ठेवायची, मग पुढचं. यावर उतारा आहे: २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन, दुधासारखं पांढरं, पहिली मात्रा किलोमागे दीड मिलिलिटर. जिथे ब्लॉक देतात तिथे ही बाटली हाताशी हवी. तुम्ही ‘लिपिड ठेवलंय ना?’ असं विचारलंत तर भूलतज्ज्ञ चकित होतील, पण रागावणार नाहीत.

ब्लॉकमुळे छातीत परत हृदयाचं दुखलं तर कळणारच नाही, असं होईल का?

नाही. ब्लॉक बधिर करतो ती छातीची भिंत: कातडी, स्नायू, हाड. हृदयाच्या आतल्या दुखण्याची वाट वेगळ्या मज्जातंतूंतून जाते. शिवाय त्या दिवसांत हृदय कसं चाललंय हे आम्ही दुखण्यावरून ठरवत नाही. ईसीजी, रक्तदाब, रक्ताच्या तपासण्या आणि इको यांवरून ठरवतो. मधुमेह्यांना तर हार्ट अटॅकसुद्धा कधी कधी न दुखता येतो.

नुसत्या ब्लॉकवर, बेशुद्ध न करता बायपास होईल का?

आमच्याकडे नाही. हट्ट धरू नका.

बरगड्यांच्या फटीतून, छोट्या चिरेचं ऑपरेशन आहे. मग दुखणार कमीच ना?

चीर लहान म्हणजे दुखणं लहान, असा हिशोब इथे चुकतो. बरगड्यांच्या मधून जाताना दोन बरगड्या फाकवाव्या लागतात आणि त्यांच्यामधला मज्जातंतू चेंगरतो. पहिले दिवस हे दुखणं मधल्या चिरेपेक्षाही जास्त असू शकतं. हाड कापलेलं नसल्यानं पुढे कामाला लवकर लागता येतं, हा फायदा. या ऑपरेशनला पुढचा ब्लॉक पुरत नाही. काखेखालचा सिरॅटस ब्लॉक, पाठीतला ब्लॉक किंवा मणक्याशेजारचा पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक लागतो.

आमच्या मुलीच्या हृदयाला छिद्र आहे. लहान मुलांना देतात का?

देतात, पूर्ण भुलेखाली, वजनाप्रमाणे अगदी मोजून. लहान मूल ‘कुठं दुखतंय’ सांगत नाही, नुसतं रडतं, आणि रडण्यात आईपासून लांब असल्याची भीतीही मिसळलेली असते. म्हणून निदान दुखणं तरी वजा केलेलं बरं. आईला लवकर आत सोडा, हे मी आयसीयूत नेहमी सांगते. तो ब्लॉक कुठल्याही बाटलीत मिळत नाही.

योजनेतून ऑपरेशन आहे. ब्लॉकचे वेगळे पैसे पडतील?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचं ठरावीक पॅकेज असतं. भूल आणि औषधं त्यातच येतात. कुणी वेगळे पैसे मागितले तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे जा, त्यासाठीच तो बसलेला असतो. खासगी विम्यात किंवा रोखीत असाल तर आधी अंदाजपत्रकात विचारून घ्या.

याचा उपयोग सिद्ध झालाय का, की नवी टूम आहे?

पहिल्या दिवसाचं दुखणं कमी होतं आणि मॉर्फिनच्या जातीची औषधं कमी लागतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. हृदयशस्त्रक्रियेनंतर लवकर बरं होण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी २०१९ साली आल्या, २०२४ मध्ये त्या सुधारल्या. एकाच औषधावर विसंबू नका, अनेक मार्गांनी दुखणं आवरा, हे त्यांचं सांगणं. ब्लॉक त्यातला एक मार्ग. त्यानं आयुष्य वाढतं किंवा महिन्यांनंतरचं जुनाट दुखणं हमखास टळतं, असं म्हणायला पुरावा नाही. ज्या हॉस्पिटलात ब्लॉक देत नाहीत पण दुखण्याकडे नीट लक्ष देतात, ते मी ब्लॉक देऊन विसरणाऱ्या हॉस्पिटलपेक्षा पसंत करीन.

दोन महिने झाले, छातीच्या डाव्या बाजूला बधिर वाटतं. ब्लॉक उतरलाच नाही का?

ब्लॉक पहिल्याच दिवशी उतरला. डाव्या बाजूची आतली रक्तवाहिनी काढताना तिथले बारीक मज्जातंतू दुखावतात, म्हणून मधल्या हाडाच्या डावीकडे बधिरपणा, मुंग्या, कधी सदरा घासला तरी झोंबणं असं होतं. पायाची शीर काढलेल्यांना घोट्याच्या आतल्या बाजूला तसंच वाटतं. महिन्यांत हळूहळू कमी होतं. तीन महिन्यांच्या पुढेही दुखत राहिलं तर त्यावर वेगळी औषधं आहेत, येऊन दाखवा.

वाट न बघता यावं असं मात्र काही आहे: कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, खोकताना हाडात ‘कट्‌’ वाजणं किंवा हाड हलल्यासारखं वाटणं, जखमेतून पाणी किंवा पू, ताप. आणि आपल्या सांगलीत एक खास सूचना: टाक्यांवर हळद दाबू नका. हळद दुधात घाला, तीही साखरेशिवाय.

ऑपरेशनआधी तुम्हाला काय काय सांगायचं?

दाताच्या किंवा टाक्यांच्या वेळी बधिर करायच्या इंजेक्शनाची रिअ‍ॅक्शन आली होती का. कुठल्या गोळ्या चालू आहेत, त्यात वैद्याची पुडी आणि गुडघ्याची गोळीही आली. आधी छातीचं ऑपरेशन झालंय का. विडी, तंबाखू. आणि बायकांनी मिश्री सांगायला लाजू नये; तीही तंबाखूच. सुनेसमोर सांगायचं नसेल तर मी सुनेला चहा आणायला पाठवते.

तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र ऑपरेशनआधीच शिकून घ्या. नंतर गुंगीत शिकवलेलं डोक्यात राहत नाही. फुंकायचं नाही, आत ओढायचं. निम्मे लोक बासरी समजून फुंकतात.

खोकताना छातीशी धरायला उशी घरचीच आणू का?

आणा. हॉस्पिटलची उशी फार मऊ असते, धरली की चपटी होते. कापूस घट्ट भरलेली, हातभर लांब, धुतलेल्या अभ्र्याची हवी. घरी जाताना गाडीतही ती छाती आणि पट्ट्याच्या मध्ये ठेवा. जतपर्यंतच्या रस्त्यात एक-दोन खड्डे लागतीलच.